अन्यायास मुदत असते काय?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे समुद्रकांठानें जाणारा रस्ता आरे-वारे येथें डोंगराच्या अंगानें वर चढतो, आणि खालीं दोन विस्तीर्ण पुळणी व त्यांच्यामागें सुरूचीं झाडें दृष्टीस पडतात. हें स्थळ पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, आणि त्यांच्या येण्याबरोबर नवीं कामेंही आलीं आहेत. खानावळींत भाकऱ्या भाजणें, निवासगृहाच्या खोल्या झाडणें, चादरी धुणें, शहाळीं सोलणें, अशा कामांवर आतां आसपासच्या पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ चालतो. आंबे उतरविणें, अढी लावणें व पेट्या भरणें हें जुनें काम तर आहेच. जेथें मालक व चाकर हें नातें जडतें, तेथें कृतज्ञता व विश्वास ह्यांस जागा मिळते, तशीच अन्यायासही मिळते. त्या अन्यायाच्या संबंधानें एका प्रश्नाचा विचार आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रश्न असा. एखाद्या स्त्रीस केवळ ती स्त्री आहे म्हणून, अथवा एखाद्या मनुष्यास तो अमुक जातीचा आहे म्हणून, कामाच्या ठिकाणीं कमी मजुरी मिळाली, अपमान सोसावा लागला, किंवा घरीं बसावें लागलें, तर त्यानें किती दिवसांच्या आंत दाद मागावी? आणि ते दिवस उलटून गेले, तर झालेला अन्याय नाहींसा झाला असें समजावें काय?

कायद्याचें उत्तर आंकड्यांत आहे. कामगार संघटनांस मान्यता देण्याविषयीं व अनुचित श्रमप्रथा बंद करण्याविषयीं महाराष्ट्रानें १९७१ सालीं जो अधिनियम केला, त्याच्या २८ व्या कलमानें अशी प्रथा घडल्यापासून ९० दिवसांच्या आंत तक्रार करावी असें ठरविलें. उशिराचीं योग्य व पुरेशीं कारणें दाखविल्यास न्यायालयास ती पुढेंही घेतां यावी, अशी सवलत ठेविली. गुणांकडे न पाहतां कामगारांतील एका गटास झुकतें माप देणें ही गोष्ट त्याच अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचींत अनुचित म्हणून नोंदिली आहे. कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ सालचा कायदा शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत देतो. अडचण खरी होती अशी समितीची खात्री पटल्यास ती आणखी तीन महिने देऊं शकते, त्यापुढें नाहीं. कामावरून काढलेल्या कामगारास स्वतः न्यायालयाकडे जातां यावें म्हणून २०१० सालच्या दुरुस्तीनें तीन वर्षांची मुदत ठेविली होती. २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अंमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें ती दोन वर्षांवर आणिली. उलट त्याच दिवशीं अंमलांत आलेल्या वेतन संहितेनें मजुरीच्या मागणीची मुदत वाढविली. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमांत ती सहा महिन्यांची होती, ती आतां तीन वर्षांची झाली आहे.

तीन महिने, सहा महिने, दोन वर्षें, तीन वर्षें! भरती-ओहोटीच्या वेळा परमेश्वरानें नेमिल्या आहेत व त्या कोणास बदलतां येत नाहींत. ह्या वेळा मनुष्यांनीं नेमिल्या आहेत. म्हणूनच त्या कधीं लांबतात, कधीं आखडतात. जी गोष्ट मनुष्यानें नेमिली, ती न्याय्य आहे कीं नाहीं, हें विचारण्याचा मनुष्यास अधिकार आहे.

मुदत ठेवणाऱ्यांची बाजू आधीं नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती क्षुल्लक नाहीं. मनुष्याची स्मृति ठिसूळ आहे. दहा वर्षांपूर्वीं अमक्या सकाळीं अमका काय बोलला, हें शपथेवर सांगणारा साक्षीदार सत्यवादी असूनही चुकेल. कागदांस कसर लागते, साक्षीदार मुंबईस निघून जातात किंवा ह्या जगांतूनच जातात. ज्याच्यावर आरोप आला तो निर्दोष असला, तर इतक्या काळानें आपलें निर्दोषत्व तो कसें सिद्ध करील? चार खोल्यांचें निवासगृह चालविणारी एखादी विधवाही मालकच असते. वीस वर्षांपूर्वींच्या चाकराच्या दाव्याचें भय तिच्या मनांत कायम ठेवणें हा न्याय होणार नाहीं. आमच्या कोंकणांत भाऊबंदकीचे दावे आजापासून नातवापर्यंत चालल्याचीं उदाहरणें कोणास ठाऊक नाहींत? वाद कोठेंतरी संपावा व शेजाऱ्यानें शेजाऱ्याशीं पुन्हा बोलावें, ह्यांत समाजाचें हित आहे. ह्याच हेतूनें १८५९ सालीं ह्या देशांत मुदतीचा सर्वसाधारण कायदा झाला, आणि आज चालू असलेला १९६३ चा मुदत अधिनियम त्याच्याच वंशांतला आहे.

ह्या मताच्या पुष्ट्यर्थ वकीलमंडळी एक जुनें वचन सांगत असतात, कीं कायदा जागणाऱ्यास साहाय्य करितो, निजणाऱ्यास करीत नाहीं. वचन चांगलें आहे. परंतु जागा कोण व निजलेला कोण, हें कसें ओळखावें?

समजा, ह्या किनाऱ्यावरील एका बागेंत एक स्त्री आंब्याच्या पेट्या भरावयास जाते. हंगाम सुमारें मार्चपासून मेअखेरपर्यंतचा, म्हणजे अदमासें नव्वद दिवसांचा. ती पहांटे चारला उठते, पाणी भरते, मुलांसाठीं भाकऱ्या थापते व उजाडतांना बागेंत हजर होते. हंगामाच्या पहिल्याच आठवड्यांत मुकादम तिच्याशीं अतिप्रसंग करितो. ती त्यास झिडकारते व पुढें त्याच्यापासून दूर राहून काम करिते. परंतु तोंडानें कोणास कांहीं सांगत नाहीं. सांगितलें तर दुसऱ्या दिवशीं तिच्या जागीं दुसरी बाई बसेल, आणि वर्षाचें मीठमिरचीचें, मुलांच्या वह्यापुस्तकांचें जें काय साधावयाचें तें ह्याच नव्वद दिवसांत साधावयाचें असतें. पाऊस जवळ येतो, शेवटची पेटी रवाना होते, मजुरी हातीं पडते, आणि त्या दिवशीं ती प्रथम बोलण्यास मोकळी होते. परंतु त्याच सुमारास कायद्याचे तीन महिनेही पुरे झालेले असतात! पुढचे तीन महिने मिळतील, पण ते मागून घ्यावे लागतात, व त्या दिवसांत ती भाताच्या लावणींत गुडघाभर चिखलांत उभी असते. ही स्त्री निजली होती असें कोण म्हणेल? तिनें सारा वेळ आपल्या भाकरीवर पहारा केला. ज्या मुदतीचें माप हंगामाच्या मापाशीं जुळतें, ती मुदत हंगामी मजुरास नांवापुरतीच मिळते.

कामाच्या ठिकाणचा भेदभाव हा इतर पुष्कळ अन्यायांहून निराळा आहे, आणि तो निराळा कां, हें लक्षांत घेतल्यावांचून मुदतीचा विचार पुरा होत नाहीं. चोरानें घर फोडलें तर घरधनी त्याच रात्रीं ओरडतो, कारण चोराच्या घरीं त्याचें जेवण नसतें. चाकराचें जेवण मात्र मालकाच्या हातीं असतें. अन्याय करणाराच अन्नदाता असतो. दुसरें असें, कीं ह्या अन्यायाची जखम पुष्कळदां दिसतच नाहीं. आपणांस किती मिळतें हें प्रत्येकास कळतें, शेजारी बसणाऱ्यास किती मिळतें हें कळत नाहीं. आणि भेदभाव तर तुलनेवांचून कळावयाचा नाहीं. तिसरें असें, कीं तो एका घावानें होत नाहीं. गळक्या कौलांतून थेंब पडावा, तसा तो रोज थोडा थोडा होतो. कोणत्या थेंबानें भिंत कोसळली हें कोणी सांगूं शकत नाहीं. आणि चौथें असें, कीं जिचा अपमान झाला तिलाच लाज वाटते, व ज्यानें केला तो ताठ मानेनें फिरतो.

दुसऱ्या कारणाचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. आलाबामा प्रांतांत लिली लेडबेटर नांवाच्या बाई गुडइयर कंपनीच्या टायरच्या कारखान्यांत १९७९ पासून १९९८ पर्यंत नोकरींत होत्या. त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांचे पगार त्यांच्याहून अधिक आहेत, हें त्यांस नोकरीच्या अखेरीस एका निनावी चिठ्ठीवरून कळलें. २००७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें, कीं पगार ठरविल्यापासून १८० दिवसांच्या आंत तक्रार यावयास पाहिजे होती. जी गोष्ट ठाऊकच नव्हती तिच्याविषयीं १८० दिवसांत बोलावयास पाहिजे होतें, असा त्याचा अर्थ झाला! पुढें २९ जानेवारी २००९ रोजीं त्यांच्याच नांवानें नवा कायदा झाला, व भेदभावाचा प्रत्येक पगार हा नवा अन्याय समजून त्या दिवसापासून मुदत मोजावी असें ठरलें. बाईंस स्वतःस त्या कायद्यानें कांहीं मिळालें नाहीं. लाभ झाला तो मागून येणाऱ्यांचा.

आमच्या मुंबईंतही असा एक खटला झाला. मॅकिनन मॅकेंझी कंपनींत लघुलेखनाचें काम करणाऱ्या स्त्रियांस तेंच काम करणाऱ्या पुरुषांहून कमी वेतन मिळे. त्यांपैकीं एकीची नोकरी १९७७ सालीं सुटली. तिनें १९७६ च्या समान वेतन अधिनियमाचा आधार घेऊन दाद मागितली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा तिच्या बाजूचा निकाल १९८७ सालीं लागला. मागणारीनें दिवस मोजावे आणि न्यायानें वर्षें घ्यावीं, ही विषमता विचार करण्याजोगी आहे. उशीर हा दोष असेल, तर तो दोन्ही बाजूंस दोषच असला पाहिजे.

कायद्यास ह्यांतलें कांहींच समजत नाहीं, असें मात्र कोणी समजूं नये. १९६३ च्या अधिनियमांत अज्ञान बालकाच्या दाव्याची मुदत तें सज्ञान होईपर्यंत सुरू होत नाहीं. कपटानें झांकून ठेविलेल्या गोष्टीची मुदत तें कपट कळेपर्यंत सुरू होत नाहीं. जो अपराध चालूच आहे, त्याची मुदत तो चालू असेपर्यंत क्षणोक्षणीं नवी होते. एका सैनिकास १९८३ सालीं अपंगत्वामुळें सेवेंतून मुक्त केलें. त्यानें सोळा वर्षांनीं अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाविषयीं दाद मागितली. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असें धरिलें, कीं दरमहा न मिळणारें निवृत्तिवेतन हा दरमहा नव्यानें होणारा अन्याय आहे. म्हणून हक्क मान्य करावा, मात्र मागील बाकी दाव्यापूर्वींच्या तीन वर्षांचीच द्यावी. ह्या निर्णयांत दोन्ही बाजूंचा विचार आहे. हक्क मेला नाहीं, आणि देणाऱ्यावर न झेपणारें ओझेंही पडलें नाहीं.

म्हणजे तत्त्व कायद्यानेंच मान्य केलें आहे. ज्यास बोलतां येत नाहीं, त्याचे दिवस मोजूं नयेत. ज्यास कळलें नाहीं, त्याचेही मोजूं नयेत. बालकाची जीभ त्याच्या वयानें बांधिली आहे. मजुराची जीभ त्याच्या भुकेनें बांधिली आहे. पहिलें बंधन कायद्यास दिसतें व दुसरें दिसत नाहीं, ह्यांत कायद्याच्या दृष्टीचा दोष आहे. आमचें मत असें आहे, कीं मुदत असावी, परंतु ती मनुष्यास अन्याय कळल्यापासून व त्या मालकाच्या हाताखालून तो मोकळा झाल्यापासून मोजिली जावी. आणि हंगामी कामकऱ्यांच्या बाबतींत तीन महिने फार थोडे आहेत, निदान एक पुरें वर्ष तरी असावें, म्हणजे एक हंगाम संपून दुसरा येईपर्यंत त्यांस विचार करण्यास व धीर धरण्यास अवकाश मिळेल.

आतां ह्याच जिल्ह्याच्या इतिहासाकडे पाहूं. सैन्यांतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे दापोलीस राहत असत. महारांची सैन्यांतील भरती सरकारनें बंद केली, तेव्हां १८९४ सालीं त्यांनीं त्या अन्यायाविरुद्ध विनंतिपत्र लिहिलें. ज्यांच्या वाडवडिलांनीं कंपनीच्या पलटणींत रक्त सांडलें, त्यांस केवळ जातीमुळें नोकरीचें दार बंद झालें होतें, आणि अन्याय ताजा असतांच गोपाळबाबांनीं लेखणी उचलिली होती. जागरूकतेंत त्यांनीं काय कमी केलें? तथापि पहिल्या महायुद्धांत भरतीचें दार थोडा काळ उघडून पुन्हा मिटलें, आणि कायमची महार पलटण उभी राहिली ती १९४१ सालीं. जागणाऱ्यास साहाय्य मिळतें, हें वचन येथें कोठें राहिलें?

ज्यांचें मूळ गांव आंबडवे ह्याच जिल्ह्यांत आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परदेशांतील उच्च शिक्षण घेऊन ते १९१७ सालीं बडोदें संस्थानच्या नोकरींत रुजू झाले. तेथें शिपाई विटाळाच्या भयानें कागद दुरून फेंकीत, आणि राहण्यास जागा मिळेना, म्हणून त्यांस ती नोकरी सोडावी लागली. त्या अन्यायास मुदत नव्हती, कारण त्याविरुद्ध हक्कच नव्हता. पुढें १९२८ च्या मुंबईच्या गिरणीसंपांत त्यांनीं विचारलें, कीं ज्या विणकामाच्या खात्यांत मजुरी अधिक मिळते, त्यांत अस्पृश्य कामगारांस मज्जाव कां? धोट्यांतील सूत तोंडानें ओढावें लागे, व त्यामुळें विटाळ होतो असें इतर कामगार म्हणत, हें त्याचें कारण होतें. त्या गिरण्यांत आमच्या जिल्ह्याचे हजारों लोक राबत होते; ज्यांस मज्जाव झाला तेही, आणि ज्यांनीं केला तेही. नोकरींत समान संधीचा हक्क राज्यघटनेनें २६ जानेवारी १९५० रोजीं दिला. त्यापूर्वीं बुडालेल्या मजुरीचा हिशेब कोणत्या न्यायालयांत व्हावयाचा? कोठेंच नाहीं. परंतु त्या मजुरीच्या अभावीं जें घर बांधिलें गेलें नाहीं, जो मुलगा शाळेंत गेला नाहीं, त्याचा परिणाम नातवंडांपर्यंत पोहोंचला आहे. मुदत संपते, म्हणून परिणाम संपत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, कीं क्षमा करणें हा धर्म आहे. मग जुन्या गोष्टी उकरून काढाव्या कशाला? ह्या शंकेचें उत्तर नुकत्याच झालेल्या एका निकालांत मिळतें. कोलकात्याच्या एका विधि-विद्यापीठांतील अध्यापिकेनें कुलगुरूंविरुद्ध केलेली तक्रार सहा महिन्यांच्याही पलीकडे गेली होती. सप्टेंबर २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती मुदतीबाहेरची ठरविली, म्हणून आरोप खरा कीं खोटा ह्याची चौकशी पुढें चालली नाहीं. तरीही त्याच निकालांत न्यायालयानें असा आदेश दिला, कीं हा निकाल त्या गृहस्थांच्या कार्यपरिचयांत नमूद राहावा. क्षमा करणें इष्ट असेल, परंतु विस्मरण होऊं देणें इष्ट नाहीं, असा त्यांतील विचार होता. ज्या आरोपाची चौकशी झाली नाहीं त्याची अशी खूण मनुष्याच्या नांवास लावावी कीं नाहीं, ह्याविषयीं विचारी माणसांत मतभेद होईल, आणि तो व्हावा. परंतु त्या निकालानें एक गोष्ट उघड केली. दार लावून घेतांना न्यायाधीशांच्या मनासही स्वस्थता वाटली नाहीं. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार ज्याचें नुकसान झालें त्याचा आहे. नव्वद दिवस उलटल्यानें ती आपोआप घडत नाहीं, आणि ज्यानें अन्याय केला त्यास ती स्वतःच स्वतःला देतां येत नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येऊं. मुदत संपल्यावर नक्की काय संपतें? ह्याचें फार उत्तम उत्तर कायद्यांतच आहे, परंतु तें लोकांच्या कानीं क्वचितच पडतें. मुंबईच्या बॉम्बे डाइंग गिरणीच्या प्रकरणांत, कामगारांच्या दिल्या न गेलेल्या मजुरीविषयीं, १९५८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें हें तत्त्व स्पष्ट सांगितलें, कीं मुदत गेल्यानें वसूल करण्याचा उपाय जातो, ऋण जात नाहीं. ऋण जागच्या जागीं असतें. फक्त तें मागण्यास न्यायालयाचें दार उघडें नसतें. आणि १८७२ च्या करार अधिनियमाच्या २५ व्या कलमांत त्याहून विलक्षण गोष्ट आहे. ज्या ऋणाची मुदत संपली आहे, तें देण्याचें वचन ऋणकोनें लेखी व सहीनिशीं दिलें, तर बदल्यांत नवें कांहीं घेतलें नसतांही तें वचन कायद्यानें बंधनकारक होतें. म्हणजे कायद्यानें एक दार बाहेरून लाविलें, पण आंतून उघडणारी कडी तशीच ठेविली. मागणारा तें उघडूं शकत नाहीं. देणारा केव्हांही उघडूं शकतो. ती कडी काढण्यास मुदत नाहीं.

म्हणून ज्या मालकास ठाऊक आहे, कीं आपण बाईमाणसास गड्याच्या कामाची मजुरी गड्याहून कमी दिली, अथवा एकाची जात पाहून त्यास वरच्या जागेवर चढूं दिलें नाहीं, त्यानें पंचांगांत दिवस मोजून सुटकेचा निःश्वास टाकूं नये. त्याच्यावरील दाव्याची मुदत संपली असेल. त्याचें देणें संपलेलें नाहीं.

काळाची मर्यादा दुर्बळाच्या विरुद्धच जाते असाही कांहीं नियम नाहीं. मोशेच्या नियमशास्त्रांत, अनुवादाच्या पंधराव्या अध्यायांत, दर सातव्या वर्षीं धनकोनें आपल्या शेजाऱ्याचें ऋण सोडून द्यावें अशी आज्ञा आहे. आणि सातवें वर्ष जवळ आलें असा हिशेब करून गरिबास उसनें देण्यास हात आंखडूं नये, असाही इशारा तेथेंच आहे. तीही मुदतच होती. परंतु ती बलवानाच्या हक्कास घातलेली होती, व तिच्यामुळें दुर्बळाचें ओझें हलकें होई. आमच्या काळच्या कामाच्या ठिकाणच्या मुदती बहुधा उलट्या दिशेनें चालतात. बलवानास त्यांचें ज्ञान असतें, त्याच्याजवळ वकील असतो, आणि गप्प राहून दिवस घालविणें त्यास परवडतें. कोणतीही मुदत न्याय्य आहे कीं नाहीं हें पाहावयाचें असेल, तर ती संपल्यानें कोणाचें ओझें हलकें होतें, एवढें विचारावें.

कायदे बदलणें लोकप्रतिनिधींच्या हातीं आहे, आणि त्यास वेळ लागेल. तोंवर दिवस मोजण्याचें काम शेजाऱ्यांनीं करावयाचें आहे. २०१३ च्या कायद्यांत दहापेक्षां कमी नोकर असलेल्या ठिकाणांसाठीं प्रत्येक जिल्ह्यांत स्थानिक समितीची योजना आहे. म्हणजे चार खोल्यांचें निवासगृह व दोन चुलींची खानावळ हींही तिच्या कक्षेंत येतात. तालुक्याच्या ठिकाणीं तक्रार घेणारा अधिकारी नेमावा, व त्यानें ती सात दिवसांच्या आंत समितीकडे धाडावी, असें कायदा सांगतो. जिला लिहितां येत नाहीं, तिला लिहून देण्याचें साहाय्य करणें हेंही समितीचें कर्तव्य ठरविलें आहे, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करण्याचें बंधन आहे. समान कामाच्या मजुरींत स्त्री-पुरुष असा भेद करण्यास वेतन संहितेची मनाई आहे, व मागणी करण्यास तीन वर्षें आहेत. ह्या गोष्टी ज्यास ठाऊक आहेत, त्यानें त्या ज्यांस ठाऊक नाहींत त्यांस सांगाव्या.

प्रत्येक गांवांत कोणी शिक्षक असतो, कोणी निवृत्त कारकून, कोणी शाळा शिकलेली सून. अशा एकानें एक साधी वही ठेवावी. शेजारीण रडत आली, तर तिला आधीं पाणी द्यावें, मग काय झालें, केव्हां झालें, कोणी पाहिलें, हें तिच्याच शब्दांत त्या दिवसाच्या तारखेसह लिहून ठेवावें, व तिला वाचून दाखवून तिची सही किंवा आंगठा घ्यावा. तक्रार करावी कीं करूं नये, हें तिनेंच ठरवावें. तिच्यावर कोणी बळजबरी करूं नये. परंतु उद्यां तिला धीर आला, तर स्मृति ठिसूळ झाली होती असें तिला कोणी म्हणूं शकणार नाहीं. मुदतीच्या बाजूनें जें खरें कारण होतें, म्हणजे पुरावा विरून जाणें, तें ह्या वहीनें पुष्कळ अंशीं दूर होतें. आणि ज्याच्यावर खोटा आरोप आला असेल, त्याचेंही ताज्या नोंदीनें रक्षणच होतें.

पुष्कळदां असें घडतें, कीं सहा महिन्यांनीं गोष्ट उघडकीस येते, व मग सारा गांव म्हणतो, आम्हांस तेव्हांच ठाऊक होतें. ज्यांस तेव्हांच ठाऊक होतें, त्यांचे दिवसही मोजिले गेले पाहिजेत. तिला भुकेचें भय होतें, म्हणून ती गप्प राहिली. त्यांस कशाचें भय होतें? तिच्या मौनास कारण होतें व त्यांच्या मौनास नव्हतें, तर उशिराचा दोष तिच्या माथीं मारणें हा दुसरा अन्याय होय.

अन्यायास मुदत असते काय, ह्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें आहे. दाव्यास मुदत असते, आणि ती योग्य मापाची असली तर असावी. अन्यायास मुदत नसते. तो भरून निघेपर्यंत देणेंच राहतो. आणि शेजाऱ्यास साहाय्य करण्याची मुदत मात्र फार थोडी असते. ती गोष्ट कानीं पडते त्या दिवशीं सुरू होते, आणि त्याच दिवशीं तिचा उपयोग करावा हें बरें.